सत्तरची गल्ली

आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरला इंटरनेट हवं असेल तर आधी गाव सांगावं लागे. कॉम्प्युटरचं नव्हे, तुमचं. नुसतं नाव सांगूनही भागत नसे. एसटी कुठे बदलायची, तळं गावाच्या कोणत्या अंगाला आहे, पोळा कुठे भरतो, हे सगळं पटलं तरच निकुरेभाऊ खुर्चीवरून उठत आणि तुमच्या मशीनला आकडा देत. नाही पटलं तर "असं कसं जमंन?" म्हणून पुन्हा पेपरात डोकं घालत.

मला त्यांनी आकडा दिला नाही. मी त्या कॉलेजात संगणक शिकवत होतो. हे वाक्य लिहितानाही माझं डोकं फिरतं.

कॉलेज सिंदेवाहीला होतं, डी.एड.चं. त्या काळात आमच्याकडे ज्याच्याजवळ चार खोल्या आणि एक पुढारी होता त्याने डी.एड. कॉलेज काढलं होतं, त्यातलंच एक. शामराव निकुरे तिथे बाबू होते आणि स्टोअरही त्यांच्याकडेच होतं. अंगाने काटकुळे, खांद्यावर दुपट्टा, आणि आवाज असा की ऑफिसात ते हळू बोलले तर मैदानातली पोरं उभी राहत. ते सदैव चिडलेले असत. चहात साखर जास्त झाली तर चिडत, कमी झाली तर अधिक चिडत, आणि बरोबर झाली तर "आज काऊन बरोबर झाली?" म्हणून चिडत. त्यांना राग यायला कारण लागत नसे. मला लागतं, पण त्या कॉलेजात ते भरपूर मिळे.

झालं असं, की संस्थेच्या अध्यक्षांनी नागपूरहून वायरलेसचा डबा आणवला. भिंतीतून वायरी ओढायचा खर्च वाचतो असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. डबा बसवायला माणूस आला तो नेमका जेवणाच्या सुटीत. सगळे घरी गेलेले, ऑफिसात एकटे निकुरेभाऊ. त्याने त्यांनाच समजावून सांगितलं, की प्रत्येक मशीनला स्वतःचा पत्ता लागतो, पत्त्यात चार आकडे असतात, पहिले तीन सगळ्यांचे सारखे आणि शेवटचा प्रत्येकाचा वेगळा. दोघांना एकच दिला तर भांडण लागतं. सध्या हाताने द्यायचं ठेवलंय, म्हणाला, आणि बस पकडून गेला.

पत्ता! हा शब्द निकुरेभाऊंच्या डोक्यात जो शिरला तो निघाला नाही. मी जेवून परत आलो तेव्हा डबा त्यांच्या लोखंडी कपाटात गेला होता. महागाची वस्तू, बाहेर कशी ठेवायची? लोखंडी कपाटातून सिग्नल बाहेर येत नाही हे सांगताना माझा घसा बसला. शेवटी कपाटाचं दार विटेने उघडं ठेवायचं, एवढ्यावर तडजोड झाली. मान्यताप्राप्त अध्यापक विद्यालयाचं इंटरनेट एका विटेवर उभं होतं.

"एकशे ब्यान्नव म्हंजे जिल्हा," ते पोरांना सांगत. "एकशे अडुसष्ट म्हंजे तालुका. एक म्हंजे पोस्ट. अन शेवटचा आकडा तुमचं घर. आता घर कुठी द्याचं ते गाव पाहूनच द्या लागंन ना बे? का कोनालेबी कुठीबी बसवू?"

म्हणून त्यांनी गल्ल्या पाडल्या. ब्रह्मपुरीकडच्यांना दहाची गल्ली, नागभीडकडच्यांना विसाची, मूलवाल्यांना तिसाची. वैनगंगेपलीकडून आलेल्यांना चाळीस. मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतून आलेल्या मंडल मॅडमना पन्नासच्या गल्लीत पहिलं घर मिळालं. मॅडमच्या गावात घरोघरी तळं आहे आणि तळ्यात मासोळी आहे हे कळल्यावर भाऊ त्या दिवशी चिडायचेच विसरले. आकडा दिला की ते ऑइल पेंटचा डबा आणि ब्रश घेऊन येत आणि मॉनिटरच्या कपाळावर तो रंगवत. लाल रंगात. पुसायची सोय नाही. कोणता आकडा कुणाला दिला हे सगळं त्यांच्या डोक्यात, कागदावर एक अक्षर नाही.

सोनुले बंधू दोघेही आमच्याकडे शिकवत. थोरले गणित, धाकटे मराठी. निकुरेभाऊंनी दोघांच्याही मॉनिटरवर तेहतीस रंगवलं. रोज पडद्यावर सूचना येई की हा पत्ता आधीच कोणीतरी वापरतंय, आणि रोज दोघांपैकी एकाचं इंटरनेट मरे. मी भाऊंकडे गेलो.

"भाऊ, दोघांना एकच आकडा कसा दिला तुम्ही?"

"एका घरात रायतेत, एका चुलीवर जेवतेत. दोन नंबर कायले? वाटनी झाली का त्याईची?"

"अहो, मशीन भांडतायत!"

"भावाभावात होतेच," म्हणाले आणि पेपर उलटला.

सोनुले बंधूंनी शेवटी तास वाटून घेतले. थोरले सकाळी इंटरनेट वापरत, धाकटे दुपारी. दोघांनाही यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, पण मला विचारतो कोण?

आता माझं ऐका. माझे वडील चंद्रपूरच्या वीज केंद्रात होते, माझा जन्म ऊर्जानगरच्या क्वार्टरातला. निकुरेभाऊंनी विचारलं, "गाव कोनतं?" मी म्हणालो, "ऊर्जानगर."

"ते गाव नाई. ते कॉलनी. तिथी पोळा भरते का?"

"वडलांचं मूळ गाव यवतमाळकडे आहे."

"कवा गेले होते?"

"मी नाही गेलो कधी."

"पाह्यलंच नाई ते गाव तुमचं कसं झालं? अन क्वार्टर तं रिटायर झाल्यावर खालीच करा लागते." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मला वाटलं पाघळले. "असं कसं जमंन, सर? तुमाले गावच नाई."

मी माझ्या हाताने आकडा टाकून घेतला. विषय माझाच होता, एका मिनिटाचं काम. दुसऱ्या दिवशी तो पुसलेला. पुन्हा टाकला, पुन्हा पुसलेला. "अतिक्रमण चालनार नाई," भाऊ भर स्टाफरूममध्ये म्हणाले, आणि सोनुले बंधू हसले. म्हणजे संगणकाचा मास्तर मी, आणि इंटरनेटसाठी मंडल मॅडमच्या खुर्चीमागे मीच उभा.

आणि जागा नव्हती असं अजिबात नाही. सत्तरची गल्ली पूर्ण रिकामी होती. सत्तर ते एकोणऐंशी, एकही मशीन नाही. मी ती मागून पाहिली, सोनुलेंनी मागून पाहिली, खुद्द प्राचार्यांनी मागून पाहिली. प्रत्येक वेळी भाऊ खुर्चीतून ताडकन उठत.

"ते गल्ली भरली हाय!"

"कोणी भरली? तिथे कोणी नाही."

"भरली म्हनलं ना मी एक डाव!"

प्राचार्यांना संशय होता की भाऊ बाहेर कोणाला तरी चोरून इंटरनेट देतात. माझा संशय सोपा होता. हा माणूस मला छळण्यासाठी जन्माला आला होता.

मग समिती यायची ठरली. कॉलेजची मान्यता पुढे चालू ठेवायची की नाही हे तिच्या हातात. आठवडाभर आमच्याकडे चुना, कुंड्या आणि खोटे हजेरीपट यांची धावपळ चालली. प्राचार्यांनी मला बोलावलं. समितीचे लोक लॅपटॉप घेऊन येणार, उघडला की इंटरनेट सुरू झालं पाहिजे. "त्यांना काय गाव विचारत बसणार का? ऑटोमॅटिक करून टाका."

ऑटोमॅटिक म्हणजे एवढंच, की डब्याला आकड्यांची एक रांग नेमून द्यायची. जो येईल त्याला डबा त्यातला मोकळा आकडा आपणच देतो. सगळ्या जगात असंच चालतं. मी हे निकुरेभाऊंना शक्य तेवढ्या शांतपणे सांगितलं.

"आपोआप?" ते ओरडले. "आपोआप पत्ता कोनाले भेटते? जनमल्यावर नावबी आपोआप भेटत नाई, ठेवा लागते! गाव नाई, घर नाई, अन डबा म्हनते हा घे पत्ता?"

"प्राचार्यांचा हुकूम आहे, भाऊ."

"मंग त्याईलेच करू द्या." त्यांनी कपाटाच्या दाराची वीट उचलली आणि दार लावून टाकलं. कॉलेजभरचं इंटरनेट गेलं, आणि प्राचार्य स्वतः येऊन ओरडले तेव्हाच वीट परत लागली.

समितीच्या आदल्या दिवशी भाऊ कुंड्या आणायला गेले असताना मी कपाट उघडलं. डब्याला वायरने कॉम्प्युटर जोडला, पडद्यावर त्याचं सेटिंगचं पान आलं. त्यावर दोन रकाने होते, कुठून सुरू आणि कुठे संपवायचं. मी अडलो. कोणता आकडा कुठल्या मशीनला आहे ते फक्त त्या डोक्यात. रांगेत चुकून दिलेला आकडा आला तर समितीसमोर भांडणं लागणार. नक्की मोकळी म्हणून मला एकच गल्ली ठाऊक होती. मी लिहिलं, एकाहत्तर ते एकोणऐंशी. खाली मुदत विचारली होती. मी एक दिवस टाकला आणि दार होतं तसं विटेवर ठेवलं.

समिती आली. तिघे जण, तिघांकडे लॅपटॉप. उघडताक्षणी इंटरनेट सुरू. "वा! छान!" समितीचे प्रमुख म्हणाले. प्राचार्यांच्या चेहऱ्यावर इतकं तेज मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. तेवढ्यात चहाच्या ट्रेमागून निकुरेभाऊ आत आले.

त्यांनी प्रमुखांना नमस्कार केला. "साहेब, गाव कोनतं?"

"मी पुण्याचा."

"अन पत्ता कोनी देल्ला तुमाले?" असं म्हणत त्यांनी साहेबांच्या खांद्यावरून हात घालून लॅपटॉपवर पत्ता दाखवणारी छोटी खिडकी उघडली. हे त्यांना येत असे, माझे आकडे पुसून पुसून हात बसला होता. त्यांनी वाचलं. चहाचा ट्रे खडखडला.

"एकाहत्तर? तुमी एकाहत्तरात कसे घुसले? निंगा! आधी बाहीर निंगा! ते माह्या मायचं घर हाय!"

पुण्याचे साहेब खरोखरच उठून उभे राहिले. आपण नेमकं कशातून बाहेर निघायचं हे त्यांना कळेना. प्राचार्य आणि सोनुले बंधूंनी भाऊंना दोन्ही दंडांना धरून बाहेर नेलं. गॅलरीतूनही ओरडणं ऐकू येत होतं. "तिघंबी निंगा! पुरी गल्ली खाली करा!"

समिती जेवायला बसली तेव्हा प्राचार्य माझ्यापाशी आले. "या माणसाला मी ठेवत नाही. तुम्ही जा आणि कपाटाची चावी घ्या त्याच्याकडून." मी आनंदाने निघालो. जाता जाता काय काय बोलायचं याची मनात उजळणी केली, गावापासून सुरुवात करून.

ऑफिसात लोडशेडिंग होतं. पंखा थांबलेला, निकुरेभाऊ कपाटाला टेकून खाली फरशीवर बसलेले. मी सगळं बोललो. मान्यता गेली तर पोरांचं काय, आमच्या नोकऱ्यांचं काय, तुमच्या या खुळापायी कॉलेजाचं वाटोळं झालं. "आकडा आहे तो, भाऊ! नुसता आकडा! त्यात कोणी राहत नाही!"

ते उलट ओरडले नाहीत. मंडल मॅडमच्या तळ्याचा दिवस सोडला तर मी त्यांना न चिडलेलं प्रथमच पाहिलं आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

"आमचं गाव सावरबोडी," ते म्हणाले. "वर्धेच्या काठी. आमी ढिवर, मासोळीवर जगनारे. गावाखाली कोयला निंगाला. लीज झाली. मंग पेंटवाले आले, घरोघरी भितीवर लाल नंबर टाकत. ज्याच्या घरावर नंबर त्याले दुसरीकडं जागा. आमची गल्ली सत्तरची. सत्तर मारोतीचं देऊळ. मंग माह्या मायचं घर. माय मासोळ्या घेऊन बजारात गेल्ती, दार बंद. मी इकडं नोकरीवर. पेंटवाले समोर निंगून गेले. बाजूच्या घराले एकाहत्तर टाकला."

"मग तुम्ही सांगितलं नाही कोणाला?"

"लय सांगतलं. म्हने नंबर एकापाठी एक असे पडत गेले, आता मंधात नाई घालता येत." त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. "तिले कोनी ठरवून वगळलं असतं तं एखांद्याचा गळा तरी धरता आला असता, सर. तिले कोनीच नाई वगळलं. आपोआप झालं."

नंतर त्यांनी आईला इथे आणलं. तिला सिंदेवाहीच्या गल्ल्या कळत नसत. बाहेर पडली की रस्ता चुके. लोक पत्ता विचारत, ती शेवटपर्यंत सावरबोडीच सांगे, आणि लोक म्हणत असं गाव नाही.

मला राग आला. निकुरेभाऊंचा नव्हे. माझं लहानपण गेलं त्या क्वार्टरात पंखा रात्रंदिवस फिरायचा, कोणी बंदही करत नसे. त्याच्यासाठी कोळसा कुठून येतो हे आम्हाला कधी कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आता तो कोळसा जाळून केलेली वीज कुठे जात होती कोण जाणे, आमच्या डोक्यावर बंद पंखा होता. एखाद्याचा गळा धरायला मलाही आवडलं असतं.

"कवा निंगतीन ते लोकं?" भाऊंनी विचारलं.

"उद्या. लीज एका दिवसाचीच टाकली आहे."

शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली. पण डब्याच्या पानावर तोच शब्द होता, दुसरा नव्हता. भाऊ उठून उभे राहिले. "लीज? इथीबी लीज?"

"भाऊ, ऐका. ही वेगळी. मुदत संपली की आकडा आपोआप परत येतो."

"वापस?"

"हो."

"आतमंधला मानूस?"

"तो निघून जातो."

"काई मांगत नाई? खड्डा-बिड्डा करून जात नाई? घर तसंच?"

"तसंच."

त्यांनी कपाटातल्या डब्याकडे बघितलं. डबा बंद होता, वीज नव्हती. "आमचीबी लीज संपली, सर," ते म्हणाले. "कोयला बी संपला. आता खड्ड्यात पानी हाय. मी गेल्तो पाह्याले. वरतून पाह्यलं, तं मारोतीचं देऊळ कुठी होतं तेबी समजत नोतं." मग खाली बसले. "हे लीज बरी हाय."

चावी मी मागितली नाही. प्राचार्यांना सांगितलं की भाऊंनी चावी दिली तरी आकडे कोण सांगणार, ते त्यांच्या डोक्यात आहेत, माणूस काढला तर सगळी मशीनं आंधळी होतील. यात निम्मं खोटं होतं, पण प्राचार्यांना कॉम्प्युटर सुरू करता येत नसे. मान्यताही टिकली. समितीच्या साहेबांना वाटलं की आमचा बाबू वेडा आहे, आणि बाबू वेडा आहे म्हणून मान्यता काढता येत नाही.

वीज आल्यावर मी डब्यातली रांग बदलली. शंभरच्या पुढे सगळं आपोआप. शंभरच्या आत डबा हात लावणार नाही, तिथलं निकुरेभाऊ बघतील. पाहुणे, समित्या, अध्यक्षांचे भाचे, सगळे शंभरपलीकडे. मी भाऊंना पडदा दाखवला. त्यांनी दोन्ही रकाने बोट ठेवून वाचले. आभार मानले नाहीत. "टाइमबी कमी करा," एवढंच म्हणाले, "पावन्याले दिवसभर कायले?"

दुसऱ्या दिवशी तास संपवून आलो तर ते माझ्या टेबलाशी उभे, हातात पेंटचा डबा.

"तुले गाव नाई ना?" इतकी वर्षं ते मला सर म्हणत, तुमी म्हणत. त्या दिवशी तू म्हणाले, आणि आवाजही चढवला नाही.

मी म्हटलं, "तुम्हीच सांगितलंत, नाही म्हणून."

"सत्तरच्या गल्लीत एक घर खाली हाय. बहात्तर. बाजूले माय रायते." त्यांनी ब्रश डब्याच्या काठावर निथळला. "संध्याकाळी मासोळी भुंजते, वास येईन. खात नसशील तं आत्ताच सांग, मंग कटकट नाई पाह्यजे."

"खातो मी मासोळी."

"मंग जमलं," ते म्हणाले, आणि खाली वाकून माझ्या मॉनिटरवर बहात्तर रंगवू लागले.